फिल्टर तुंबला की काय करावे?

गेल्या पावसाळ्यात शिवाजी पेठेतील एकाच घरातले तिघे जण जुलाब-उलट्यांनी हैराण होऊन माझ्याकडे आले. पाण्याची चौकशी करताच घरच्या बाई जरा रागानेच म्हणाल्या, "डॉक्टर, फिल्टरचंच पाणी पितोय की आम्ही!"

घर माझ्या वाटेवरच, म्हणून संध्याकाळी फिल्टर पाहिला. कँडलवर तपकिरी, बुळबुळीत थर बसला होता. पाणी थेंब थेंब गळते म्हणून थोरल्या मुलाने कँडलचा नट सैल केला होता. पाणी आता भराभर खाली येत होते, पण कँडलमधून नव्हे, तिच्या बाजूने!

फिल्टर बिघडला नव्हता, तुंबला होता. पीठ चाळताना चाळण नुसती धरून ठेवली तर कोंडा जाळीवर बसतो आणि पीठ पडायचे थांबते. हात हलतो म्हणून काम चालते. कँडलला असा हलवणारा हात नाही. पाणी आत जाते, गाळ बाहेर साचतो.

आपल्या मूत्रपिंडात रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, तरी ती चाळण सहसा तुंबत नाही. याचे एक कारण असे, की रक्त चाळणीवर येऊन थांबत नाही, तिच्या अंगावरून वाहत पुढे जाते. डायलिसिसच्या यंत्रातही रक्त असेच पडद्यालगत वाहते ठेवतात. रक्तातून प्लाझ्मा वेगळा काढणाऱ्या एका यंत्रात तर पडदाच दंडगोलावर बसवून गरागरा फिरवतात, म्हणजे पेशींचा थर त्यावर साचू शकत नाही. कारखान्यांचे सांडपाणी गाळणाऱ्या काही यंत्रांत पडद्यांना सतत कंप देतात. शेवटी युक्ती चाळणीचीच!

घरच्या आर.ओ.मध्ये फिरणारे काही नसते. तिथे पडद्यावरची घाण वाया जाणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जाते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पाणी वाचवायचे म्हणून ती नळीच चिमट्याने आवळली. काही महिन्यांत पडदा निकामी झाला आणि दोष कंपनीला! ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरावे, नळी मात्र बंद करू नये.

कँडलवाल्यांनी हाताचे काम हातानेच करायला हवे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी, पाण्याची धार कमी झाली तर त्याआधीही, कँडल काढून स्वच्छ पाण्याखाली मऊ ब्रशने घासावी. साबण लावू नये, सुरीने खरवडू नये. तडा दिसला किंवा घासून घासून ती पातळ झाली, तर बदलावी. वॉशर आणि नट घट्ट बसले आहेत ना, हे दर वेळी पाहावे. पाणी फार गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्यावे आणि वरचेच पाणी फिल्टरमध्ये ओतावे. निम्मी घाण तिथेच कमी होते.

इतके करूनही एक गोष्ट उरते. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. त्या काविळीचा विषाणू टायफॉइडच्या जंतूहून कितीतरी लहान असतो. साधी कँडल कितीही स्वच्छ असली तरी त्याला अडवेल, असा भरवसा धरता येत नाही. घरात गरोदर बाई असेल तर अधिकच जपावे, कारण ही कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून साथीच्या दिवसांत गाळलेले पाणी उकळावेच. "गॅस किती जळतो, डॉक्टर!" असे त्या बाई म्हणाल्याच. पूर्वी आम्हीच वीस-वीस मिनिटे उकळायला सांगत असू. तेवढ्याची गरज नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. मग त्याच भांड्यात झाकून निववावे आणि दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे, हात बुडवून नव्हे.