दोन वह्यांचा मेळ

तापीकाठच्या घरांतून जुन्या छायाचित्रांचा विषय निघाला की बोलणे ऑगस्ट २००६ पाशी येऊन थांबते. राखीपौर्णिमेच्या त्या आठवड्यात उकाई धरणातून सोडलेले पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेले आणि सुरत शहराचा बहुतेक भाग जलमय झाला. माणसे गच्चीवर चढली. कपाटांचे खालचे कप्पे मात्र खालीच राहिले. अडाजणला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या लग्नाचा आल्बम अशाच एका कप्प्यात होता. पाणी ओसरल्यावर तो बाहेर काढला, तेव्हा त्याची पाने एकमेकांना चिकटून त्यांची जणू एकच वीट झाली होती. एक पान सोडवू गेले की दोन चेहरे निघून येत.

तेव्हापासून मावशीचा कागदावरचा विश्वास उडाला. पुढे हातात स्मार्टफोन आला आणि जपून ठेवावे असे जे जे होते, ते सारे तिने त्या फोनच्या हवाली केले. काका गेल्यावर तर तो फोन देवघरातील संपुष्टासारखाच झाला. कारण काकांचा आवाज त्यात होता. मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी इंदूरला राहिली होती, त्या पाच महिन्यांत काकांनी तिला व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठविले होते: डाळीला फोडणी आधी की मीठ आधी, दूधवाल्याचे किती द्यायचे, पाऊस कसा आहे. एकूण एकशे त्र्याऐंशी निरोप. गेल्या पावसाळ्यात त्या फोनचा पडदा मधूनमधून काळा पडू लागला आणि मावशीने मला बोलावणे धाडले. “मला नवा फोन नको रे. यातलं त्यांचं बोलणं तेवढं कॉम्प्युटरमध्ये काढून दे.”

काम अर्ध्या तासाचे, असे मी मनाशी धरून गेलो. प्रत्यक्षात त्याला तीन आठवडे लागले. असा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या येणार असल्याने तो सविस्तर सांगतो.

पहिला अडथळा असा की, फोन संगणकाला जोडला तरी संगणकाला त्याचा पत्ताच नाही. फोन चार्ज होत होता, म्हणजे जोडणी ठीक असली पाहिजे, असे मी गृहीत धरले आणि तिथेच फसलो. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार बारीक तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्तातल्या पुष्कळ केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही केबली जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातील पोराने केबल हातात घेतली आणि “काका, आ तो खाली चार्जिंगनी छे,” असे सांगून माझे अर्धे पांडित्य तेथेच उतरविले.

केबल बदलली, तरी काम झाले नाही. अँड्रॉइड फोन जोडताक्षणी आपले पोट उघडे करीत नाही. त्याचे कुलूप काढावे लागते, पडद्यावर वरून खाली बोट ओढून ‘यूएसबी’ची सूचना उघडावी लागते आणि ‘चार्जिंग’ऐवजी ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे लागते. आयफोनमध्ये ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा काय?’ असा प्रश्न येतो; त्याला होकार दिल्याखेरीज काही दिसत नाही.

हा सोवळेपणा उगाच नाही. पूर्वी फोनमधील कार्ड संगणकाला पेनड्राइव्हसारखे सरळ दिसे. पण तेवढा वेळ ते फोनला वापरता येत नसे, कारण एकाच साठ्यावर दोघे एकदम लिहू लागले तर सगळाच घोळ होतो. २०११ पासून अँड्रॉइडने ‘एमटीपी’ ही पद्धत धरली. मूळ मायक्रोसॉफ्टची ही पद्धत २००८ मध्ये यूएसबीच्या मानकांत आली. हिच्यात गिऱ्हाइकाला गोदामात शिरू देत नाहीत. दुकानदार गादीवर बसून असतो, मागाल तो तागा काढून समोर उलगडतो. व्यवस्था सुरक्षित, पण संथ. आणि मध्येच दुकानदाराला डुलकी लागली की व्यवहार अर्ध्यावर तुटतो. म्हणून हजारो फायली एकदम ओढू नयेत, थोड्याथोड्या घ्याव्यात, फोनचा पडदा जागा ठेवावा, आणि नंतर दोन्हीकडची संख्या मोजून पाहावी. आयफोनमधून विंडोज संगणकावर छायाचित्रे घेताना नकल वारंवार तुटत असेल, तर फोटोंच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘कीप ओरिजिनल्स’ निवडून पाहावे. फोन प्रत्येक चित्राचे जागच्या जागी रूपांतर करीत बसतो, तेथेच त्याला धाप लागते.

काकांचे निरोप सापडले ते ‘अँड्रॉइड’ नावाच्या फोल्डरात, त्यातील ‘मीडिया’त, त्यातील व्हॉट्सॲपच्या फोल्डरात, अशा तीनचार उंबरठ्यांपलीकडे, आणि तेथेही आठवड्याआठवड्याच्या निराळ्या कप्प्यांत. नकल केल्यावर सर्व फायलींवर त्या दिवसाचीच तारीख दिसू लागली, तेव्हा मावशीचा चेहरा उतरला. पण खरी तारीख फायलीच्या नावातच असते. वर्ष, महिना, दिवस असे आठ आकडे. फायली ‘ओपस’ नावाच्या प्रकारच्या असल्याने संगणकावरील जुन्या वादकाला त्या वाजविता येईनात. ‘व्हीएलसी’ हा फुकट मिळणारा वादक घातला आणि खोलीत काकांचा आवाज आला: “अगं, ते जिरं कुठल्या डब्यात ठेवलंयस?” मावशी उठून स्वयंपाकघरात गेली. आम्ही कोणी तिच्या मागे गेलो नाही.

गोष्ट येथे संपावयास हरकत नव्हती. पण मावशीचा नातू आजच्या काळाचा. त्याला हे हाताने नकल करणे गावंढळ वाटले. त्याने फोनमधील सर्व निरोप ‘आजोबा’ नावाच्या एका फोल्डरात हलविले, आणि तो फोल्डर, संगणकावरील नकल व इंटरनेटवरील एक साठवण, अशी तिघांची ‘सिंक’ जोडून दिली. आता एकीकडे बदल झाला की तो आपोआप सगळीकडे होणार. आठवड्याने फोनने ‘जागा संपली’ म्हणून तक्रार केली. मावशीने विचार केला, कॉम्प्युटरमध्ये सगळे आहेच, मग येथे दुसऱ्यांदा कशाला? तिने ‘आजोबा’ रिकामा केला. फोनने आज्ञाधारकपणे ही वार्ता संगणकाला कळविली, संगणकाने तितक्याच आज्ञाधारकपणे आपलाही फोल्डर रिकामा केला. “मीच पुसलं रे,” एवढेच ती मला फोनवर म्हणाली.

दोष यंत्राचा नव्हता. ‘सिंक’ म्हणजे जपणूक, ही आपली समजूत चुकीची आहे. सिंक म्हणजे मेळ. काका हयातभर रिंग रोडवरील कापडबाजारात एका पेढीवर हिशेबनीस होते. त्यांना हे एका वाक्यात कळले असते. रोजमेळात एक रक्कम आहे आणि खतावणीत नाही. ती खतवावयाची राहिली, की चुकीची म्हणून काढून टाकली? कागदाच्या वहीत खोडलेली ओळ दिसते. तिच्यावर काट मारलेली असते, शेजारी सही असते. संगणकाच्या वहीत पुसलेली ओळ दिसतच नाही. आहे आणि नाही, एवढेच त्याला समोर दिसते.

हा पेच फार जुना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पुरे झाले. १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. एका पोथीत श्लोक आहे, दुसरीत नाही. मग एका लेखनिकाने तो गाळला, की दुसऱ्याने पदरचा घातला? संपादकांनी यासाठी पोथ्यांची कुळे लावली आणि कोणती कोणत्या पोथीवरून उतरली, ते शोधले. यंत्रालाही हाच विचार करावा लागतो. मागचा मेळ बसला तेव्हा दोन्ही वह्यांत काय होते, याचे एक टिपण ते जवळ ठेवते. त्या टिपणात नोंद होती आणि आता एका वहीत नाही, म्हणजे ती पुसली, दुसरीतूनही पुसा. टिपणात नव्हती आणि आता एकीत आहे, म्हणजे नवी, दुसरीत उतरवा. १९९६ साली ‘पाम पायलट’ नावाचे हातात मावणारे यंत्र आले. त्याच्या पाळण्यावर मेळ घालण्यासाठी एक बटणच होते. आज बटण गेले, मेळ आपल्या नकळत चालू राहतो. आत टिपणाची गरज मात्र तशीच आहे. नवा फोन घेतला वा प्रोग्रॅम पुन्हा घातला की हे टिपण हरवते, यंत्राला सगळेच नवे वाटते, आणि घरोघरी नेहमीची तक्रार सुरू होते की प्रत्येक नाव दोनदोनदा येते.

नावांवरून आठवले. आपण मराठी माणसे नातेवाइकांची नावे देवनागरीत लिहितो, त्याचा एक वेगळाच भुर्दंड बसतो. सिमकार्डावर नावासाठी मोजकीच जागा असते, आणि देवनागरीचे एकेक चिन्ह बहुधा रोमन अक्षराच्या दुप्पट जागा घेते. शिवाय काना, वेलांटी ही निराळी चिन्हे. त्यामुळे ‘सुमनमावशी नंदुरबार’ची नुसती ‘सुमनमाव’ होऊन बसते. नावे सिमवर ठेवूच नयेत, खात्यावर ठेवावीत. ती यादी संगणकावर उतरवून एक्सेलमध्ये दुहेरी टिचकीने उघडली की अक्षरांच्या जागी परग्रहावरची लिपी दिसते. यादी बिघडलेली नसते. एक्सेलमधील डेटा आयात करण्याच्या मार्गाने ‘यूटीएफ-८’ निवडून ती उघडावी. मावशी, आत्या, काका सर्व सुखरूप भेटतात. मात्र गडबडलेली यादी त्याच रूपात पुन्हा साठवून फोनमध्ये परत घालू नये. तसे करून माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी सारे गोत्र गमावले आहे.

आता ‘आजोबा’कडे. मावशीने पुसल्याचे मला नवव्या दिवशी कळले. मी प्रथम एवढेच केले की संगणक व फोन दोन्ही इंटरनेटपासून तोडले, म्हणजे अधिक काही पुसले जाऊ नये. मग दुसऱ्या संगणकावरून त्या साठवणीत शिरून कचरापेटी उघडली. अशा बहुतेक सेवा पुसलेल्या वस्तू काही मुदत ठेवून घेतात. सामान्यतः ३० दिवस, आणि गूगल फोटोजमध्ये जपून ठेवलेल्या चित्रांना ६० दिवस. एकशे ऐंशी निरोप पेटीत होते. तीन नव्हते. ते कोठे गेले, त्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. नातू दोन रात्री झोपला नाही. मावशीने त्याला रागाचा एक शब्दही ऐकविला नाही, मला मात्र विचारले, “कुठले तीन, ते कळेल का?” नावांतील तारखा लावून पाहिल्या तेव्हा कळले की ते एकाच दिवसाचे होते, आणि त्या दिवशी काका काय बोलले असतील, याचा तर्क करीत ती संध्याकाळ गेली.

सिंक आता बंद आहे. निरोपांच्या दोन साध्या नकला केल्या आहेत, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या. एक पेनड्राइव्ह मावशीच्या कपाटात, वरच्या कप्प्यात. दुसरा कोठे ठेवावा यावर बरीच चर्चा झाली. नंदुरबारचे नाव निघाले, पण मावशी म्हणाली, तीही तापीच. बडोद्याचे नाव निघाले, तर ऑगस्ट २०२४ मधील विश्वामित्रीच्या पुराची आठवण कोणीतरी दिली. अखेर तो इंदूरला लेकीकडे गेला, तिसऱ्या मजल्यावर. बरोबर मावशीने चिठ्ठी दिली आहे: दर दिवाळीला एकदा लावून ऐकावे, आणि जिऱ्याचा डबा डावीकडून दुसरा.