टाइपला अट घालायची, पण कशी लिहून?

आजचा विषय गो लँग्वेजमधले जेनेरिक्स. बरेच जण प्रवासात ऐकताय, म्हणून कोड बोलूनच दाखवतो.

समजा, दोनपैकी मोठी किंमत परत देणारं ‘मोठा’ नावाचं फंक्शन हवंय. लासलगावचा कांद्याचा भाव इंटमध्ये, द्राक्षाच्या पेटीचं वजन फ्लोटमध्ये. प्रत्येकासाठी वेगळं फंक्शन कोण लिहीत बसणार? म्हणून टाइपच्या जागी नुसतं ‘टी’ लिहायचं. पण टी म्हणजे काहीही चालेल का? नाही ना! ज्यांच्यात लहान-मोठं ठरवता येतं तेच टाइप हवेत. ही झाली कन्स्ट्रेंट, म्हणजे अट.

ती लिहायची कशी, यावरून गोची खरंच गोची झाली होती. २०१८ च्या मसुद्यात ‘कॉन्ट्रॅक्ट’ नावाची नवीच भानगड होती. टीवर कुठली क्रिया चालली पाहिजे, ती नमुन्यादाखल करून दाखवायची. दिसायला झकास, पण एकच अट अनेक तऱ्हांनी लिहिता यायची. शिवाय इंटरफेस असताना हे वेगळं कशाला? २०२० मध्ये कॉन्ट्रॅक्ट काढून टाकले आणि अट म्हणून जुना इंटरफेसच घेतला. मार्च २०२२ मध्ये गो १.१८ सोबत ते आपल्या हातात आलं.

कंस कुठले, हाही वादच. जावासारखे टोकदार कंस घेतले तर तेच चिन्ह ‘पेक्षा लहान’ म्हणूनही येतं. मग ‘डब्ल्यू लेस दॅन एक्स, स्वल्पविराम, वाय ग्रेटर दॅन, गोल कंसात झेड’ हे काय? दोन तुलना, की एक्स आणि वाय टाइप देऊन केलेला फंक्शन कॉल? टाइपची माहिती नसताना पार्सरला हे सांगता येत नाही. म्हणून चौकोनी कंस: फंक मोठा, चौकोनी कंसात टी ऑर्डर्ड.

आता तुम्ही इंटवरून ‘भाव’ हा स्वतःचा टाइप केलात आणि अटीत नुसतं ‘इंट किंवा फ्लोट६४’ लिहिलंत, तर भाव नाकारला जातो. इंटच्या आधी टिल्ड, ती नागमोडी रेघ, द्या. मग मुळात इंट असलेला कुठलाही टाइप चालतो.

इंटरफेस वापरणं मला पटतं, पण ते फुकट पडलेलं नाही. अशी टाइपची यादी असलेला इंटरफेस साध्या व्हेरिएबलला लावता येत नाही, तो फक्त अट म्हणून चालतो. नाव एक, कामं दोन. नवीन माणूस हमखास इथे अडतो.

ऑर्डर्ड मात्र स्वतः लिहू नका. गो १.२१ पासून ते सीएमपी पॅकेजमध्ये तयार मिळतं. त्याच आवृत्तीत मॅक्सही भाषेतच आलं, त्यामुळे आपलं ‘मोठा’ आता फक्त सरावापुरतं.