घडीचा मोबाइल : सोय की टूम?

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीच्या संचार भवनात असलेल्या केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. भारतातील पहिला मोबाइल कॉल तो हाच. त्या काळी एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत आकार पडे आणि आलेल्या कॉलचेही पैसे मोजावे लागत. साहजिकच, हे श्रीमंतांचे खेळणे आहे, असे पुष्कळांचे मत पडले. पुढे दर उतरत गेले, मे २००३ मध्ये 'जो कॉल करील त्याने पैसे द्यावेत' ही पद्धत आली आणि खेळणे म्हणून हिणवलेली वस्तू भाजीवाल्याच्या हाती दिसू लागली. मोबाइलची उपयुक्तता पहिल्या दिवसापासून होतीच. सर्वसामान्यांपर्यंत ती पोचली ती मात्र दर उतरल्यामुळे.

तोच प्रश्न त्याच शहरात अलीकडे पुन्हा कानी आला. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात एका कार्यक्रमानंतर एक निवृत्त गृहस्थ भेटले. पुतण्याजवळचा घडीचा मोबाइल त्यांनी पाहिला होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना बारीक अक्षराचा त्रास होतो. पुस्तकासारखा उघडणारा तो पडदा त्यांना फार आवडला होता. "साहेब, एक मुदत ठेव मोडून घ्यावा म्हणतो. पण वस्तू कामाची आहे की नुसती टूम?" मी बँकेत आहे म्हणून मला विचारले, परंतु प्रश्नाचे अर्धे उत्तर बँकेबाहेरचे आहे.

घडी घालता येणारे मोबाइल तसे नवीन नाहीत. मोटोरोलाचा 'स्टारटॅक' १९९६ साली आणि 'रेझर' २००४ साली बाजारात आला, तेव्हा झाकण 'टक्' असे मिटून कॉल संपविण्याची ऐट अनेकांना आठवत असेल. पण त्यांत घडी पडे ती बिजागरीवर. पडदा अखंड, एका बाजूलाच असे. आजच्या मोबाइलमध्ये प्रत्यक्ष पडद्याचीच घडी पडते आणि सारी अडचण तिथून सुरू होते.

कोणतीही वस्तू वाकविली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. वस्तू जितकी जाड आणि वळण जितके अरुंद, तितका हा ताण अधिक. जाड पुठ्ठा मोडतो, पातळ कागद दुमडतो, तो याच कारणाने. जुन्या एलसीडी पडद्यामागे प्रकाशासाठी स्वतंत्र थर लागत असे. ओएलईडी पडद्याचे ठिपके स्वतःच प्रकाशतात, त्यामुळे तो कितीतरी पातळ करता येतो आणि काचेऐवजी पॉलिइमाइड या चिवट प्लॅस्टिकवर उभारता येतो. वर काच हवीच असेल, तर ती सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाहूनही पातळ. हे थर एकमेकांवर किंचित सरकू शकतील अशा मऊ चिकटद्रव्याने जोडलेले असतात. बिजागरीही साधी नसते. मिटताना पडद्याला पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे सैल वळण मिळावे, अशी तिची रचना अनेक मोबाइलांत केलेली असते. एवढे करूनही मधोमध एक पुसटशी रेघ राहतेच. अलीकडे ती बरीच कमी झाली आहे. पण तिरप्या उजेडात आणि बोटाखाली ती जाणवते.

याविषयी कोलकात्यात उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. आपल्या संगीत नाटकांत आणि भजनांत रुळलेली पेटी हाताने भाता मारून वाजविता येईल अशी घडविण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील येथील द्वारकानाथ घोष आणि त्यांची 'द्वारकिन' ही पेढी यांना दिले जाते. त्या पेटीचा भाता म्हणजे घड्याच घड्या, आणि झिजतो तोही घडीवरच. मात्र भात्याला चामड्याची किंवा कापडाची नवी पट्टी लावणारा कारागीर गल्लीत भेटतो. पेटीचे सूर त्याला उतरावे लागत नाहीत. मोबाइलच्या पडद्याची केवळ घडी बदलता येत नाही. एक रेघ काळी पडली, तरी आतला सबंध पडदा बदलावा लागतो, आणि हा पडदा त्या मोबाइलच्या सर्वांत महाग भागांपैकी एक आहे. चांदनी बाजारात एरवी कोणताही मोबाइल उघडून दुरुस्त करणारे हात आहेत. तरीही हे काम कंपनीच्या अधिकृत केंद्राकडेच न्यावे, हे बरे.

सुरुवातीच्या काळात कंपन्यांनाही याचा चटका बसला. सॅमसंगचा 'गॅलेक्सी फोल्ड' एप्रिल २०१९ मध्ये विक्रीस यायचा होता. परीक्षणासाठी दिलेल्या काही नगांचे पडदे चार दिवसांत बिघडले. काहींनी तर वरचा संरक्षक थर हा काढून टाकावयाचा कागद समजून सोलून काढला. विक्री सप्टेंबरपर्यंत पुढे गेली. त्यानंतरच्या सुधारणा मात्र प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. दोन लाख वेळा उघडझाप सोसण्याचा दावा तर पहिल्या 'गॅलेक्सी फोल्ड'बाबतही केला गेला होता. दिवसाला शंभर वेळा उघडला, तरी ही साडेपाच वर्षे होतात. अर्थात हा हिशेब प्रयोगशाळेतील यंत्राचा. त्या यंत्राच्या खिशात सुट्टी नाणी नसतात.

धूळ आणि पाणी यांचा विचार येथील पावसात करावाच लागतो. २०२१ पासून काही घडीच्या मोबाइलांवर 'आयपीएक्स ८' असे मानांकन दिसू लागले. यातील '८' पाण्याविषयी आहे. 'एक्स' म्हणजे धुळीविषयी काहीही हमी नाही, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. २०२४ मध्ये 'आयपी ४८' आले, म्हणजे एक मिलिमीटरहून मोठे कण रोखले जातील. धूळ त्याहून बारीक असते. पूर्ण धूळरोधक 'आयपी ६८' मानांकन गूगलच्या 'पिक्सेल १० प्रो फोल्ड'ला २०२५ साली मिळाले. खरेदीपूर्वी ही दोन अक्षरे आणि दोन अंक अवश्य वाचावेत.

मग उपयोग कोणास? एकाच वेळी दोन कागद समोर ठेवून काम करणाऱ्यास, उदाहरणार्थ, एका बाजूस आकडेवारीचा तक्ता आणि दुसऱ्या बाजूस पत्रव्यवहार पाहणाऱ्या, सतत प्रवासात असलेल्या व्यावसायिकास, पुस्तकासारखा उघडणारा मोबाइल निश्चित सोयीचा आहे. डबीसारखा मिटणारा छोटा प्रकार मात्र उघडल्यावर इतर मोबाइलएवढाच होतो. तो खिशात सुबक बसतो, एवढाच त्याचा लाभ. ती हौस आहे, आणि हौसेला मोल असते, याबद्दल माझी तक्रार नाही.

किमतीचे चित्र दुहेरी आहे. पहिला 'गॅलेक्सी फोल्ड' ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतात १,६४,९९९ रुपयांस आला; २०२५ चा 'फोल्ड ७' आला तो १,७४,९९९ रुपयांस. वस्तू सुधारली, पण दर उतरला नाही. छोट्या प्रकारात तो उतरला : मोटोरोलाचा 'रेझर' २०२० साली १,२४,९९९ रुपयांना होता, तर 'रेझर ४०' जुलै २०२३ मध्ये ५९,९९९ रुपयांस आला. म्हणजे १९९५ नंतर जे घडले, त्याची चिन्हे कमी उपयोगाच्या प्रकारात ठळक दिसतात. सॅमसंगच्या मोठ्या 'फोल्ड'चे पाऊल मात्र या काळात त्या दिशेने पडले नाही.

हप्त्यांविषयी दोन शब्द. पावणेदोन लाख रुपये वार्षिक १५ टक्के दराने २४ महिन्यांत फेडावयाचे, तर हप्ता सुमारे ८,४८५ रुपये आणि एकूण व्याज सुमारे २८,६०० रुपये होते. क्रेडिट कार्डावरील हप्त्यांच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा, आणि प्रक्रिया शुल्क असल्यास तेही. 'शून्य टक्के व्याज' ही जाहिरात पाहून हुरळून जाऊ नये. अशा योजनांत व्याज कोठेतरी दडलेले असते, म्हणून रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना त्यांपासून परावृत्त केले होते. रोख घेणाऱ्यास मिळणारी सूट आपल्याला मिळते का, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

मी त्या गृहस्थांना म्हटले, "काका, तुम्हांला घडी नको आहे, मोठे अक्षर हवे आहे." घरात आरामखुर्चीवर वर्तमानपत्र वाचण्यास साधा टॅबलेट पुरतो; तो घडीच्या मोबाइलच्या सहाव्या भागाहून कमी किमतीतही मिळतो. शिवाय ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास व्याजदरात कपात होते, ते नुकसान वेगळेच. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली. पुतण्यापुढे मिरविण्याचा बेत हुकला असावा. ठेव त्यांनी मोडली नाही. ती पुढील वर्षी पक्व होईल, तेव्हा रेझरची किंमत पुन्हा विचारणार आहेत, असे जाताना सांगून गेले.