मुंबईचें सागवान आणि टाइनकांठचें पोलाद

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नांवाचें बंदर आहे. तेथील एका जुन्या गोदींत तीन डोलकाठ्यांचें एक लढाऊ गलबत पाण्यावर उभें असतें. तिकीट काढून, फळ्यांचा पूल ओलांडून प्रेक्षक त्यावर चढतो, जिन्यानें खालीं उतरतो आणि अंधुक उजेडांत बाजूच्या जाड फांसळ्यांवर हात ठेवतो. त्याच्या हाताला जें लांकूड लागतें तें पुष्कळ ठिकाणीं मलबारच्या रानांतील सागवान असतें, आणि त्याला आकार दिला तो मुंबईच्या सुतारांनीं. ‘त्रिंकोमाली’ हें त्या गलबताचें नांव. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं मुंबईच्या गोदींत तें पाण्यांत सोडण्यांत आलें. जीं जुनीं ब्रिटिश लढाऊ गलबतें आज पाण्यावर तरंगत आहेत, त्यांत सर्वांत जुनें हेंच. नेल्सनचें ‘व्हिक्टरी’ वयानें वडील खरें, पण तें १९२२ सालापासून पोर्टस्मथच्या कोरड्या गोदींत आहे.

हार्टलपूलपासून सुमारें ३० मैलांवर टाइन नदी आहे. तिच्या कांठीं न्यूकॅसल येथील कारखान्यांत १९४३ सालीं एका विमानवाहू जहाजाची बांधणी सुरू झाली. तेंच पुढें भारतीय आरमाराचें ‘विक्रांत’ झालें. सेवेंतून निवृत्त झाल्यावर तेंही संग्रहालय झालें, मुंबईंत. आणि मुंबईंतच तें मोडलें गेलें. मुंबईनें बांधलेलें गलबत टाइनच्या शेजारीं वांचलें आणि टाइननें बांधलेलें जहाज मुंबईंत नाहींसें झालें, हा योगायोग चमत्कारिक आहे. त्यामागचीं कारणें मात्र मुळींच चमत्कारिक नाहींत.

मुंबईच्या गोदीचें काम त्या काळीं वाडिया घराण्याकडे होतें. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, तेव्हांपासून पिढ्यान् पिढ्या हा मान त्या पारशी घराण्याकडे राहिला. ‘त्रिंकोमाली’ बांधलें तें जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं. ‘कॉर्नवॉलिस’ हें मोठें लढाऊ जहाजही त्यांच्याच हातचें. १८४२ सालीं चीन व इंग्लंड यांच्यामधील नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या याच जहाजावर.

ब्रिटिश आरमारानें मुंबईकडे तोंड वळविलें तें कांहीं कौतुकापोटीं नव्हे. नेपोलियनशीं चाललेल्या दीर्घ युद्धांत इंग्लंडांतील ओकचीं झाडें पुरेनाशीं झालीं होतीं. शिवाय ओकच्या लांकडांत एक प्रकारचें आम्ल असतें. तें लोखंडी खिळ्यांना खातें, आणि खिळा सैल झाला कीं फळी सैल होते. सागवानाचें उलट आहे. त्यांत तेलाचा अंश असतो. त्यामुळें तें लवकर कुजत नाहीं आणि आंतल्या खिळ्याचेंही रक्षण करतें. मुंबईचें जहाज महाग पडलें तरी टिकतें, हा अनुभव दर्यावर्दी लोकांना पुरेसा झालेला होता.

‘त्रिंकोमाली’चा जन्म सुखासुखी झाला नाहीं. बांधण्याचा हुकूम १८१२ सालीं सुटला. परंतु त्याचे नकाशे घेऊन मुंबईस निघालेलें ‘जावा’ हें गलबत ब्राझिलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नें झुंजींत पाडाव केलें. नकाशे गेले, ते पुन्हां काढून पाठवावे लागले. (तें ‘कॉन्स्टिट्यूशन’ही आज बॉस्टन बंदरांत तरंगत आहे, आणि त्यावरही प्रेक्षक जातात.) अखेर १८१६ सालीं तळाचा कणा घातला गेला. त्या वेळीं पारशी रीतीप्रमाणें कण्यांत चांदीचा खिळा ठोकण्यांत आला. तोंवर नेपोलियन सेंट हेलेना बेटावर जाऊन पोंचला होता. ज्या युद्धासाठीं गलबत मागविलें तें युद्धच संपलें होतें.

आज त्यावर जाणाऱ्या प्रेक्षकाला प्रथम दिसते ती नाळेवरील मूर्ति : मुंडासें बांधलेला, मिशाळ, पौर्वात्य चेहऱ्याचा पुरुष. भोंवतालची गोदी पाहून मात्र फसूं नये. तेथील दुकानें, घरें व धक्का हा अठराव्या शतकांतील बंदराचा मुद्दाम उभा केलेला देखावा आहे. खरें आहे तें मधलें गलबत. तोफांच्या मजल्यावर दोन्ही बाजूंना चौकोनी झरोके आहेत; येथें १८ पौंडी गोळे फेंकणाऱ्या तोफा असत. मागच्या टोंकाला कप्तानाची खोली. तिला रुंद खिडक्या आहेत, उजेड आहे, आणि जेवणाचें टेबल मांडण्याइतकी जागा आहे. त्याच्या खालच्या मजल्यावर उतरलें कीं खिडक्या संपतात आणि उंच माणसाला मान वांकवूनच चालावें लागतें. सामान्य खलाशी येथें राहत. बाजूला ओळीनें मांडलेल्या टेबलांवर जेवावयाचें, आणि रात्रीं तेथेंच वरच्या तुळयांना झोळ्या बांधून निजावयाचें. ब्रिटिश आरमारांत झोळीमागें १४ इंच रुंदी धरलेली असे. निम्मे लोक पाहऱ्यावर असत म्हणून तेवढ्यांत भागत असे. वरच्या खिडक्या आणि खालच्या झोळ्या यांच्यामध्यें अंतर आहे तें एका जिन्याचें. त्या काळच्या आरमाराची सारी समाजरचना या एका जिन्यावर कळते. पुस्तकांत ती वाचून समजते, येथें ती मानेला आणि गुडघ्यांना समजते. जहाजांतील संग्रहालयाचा इमारतींतील संग्रहालयापेक्षां अधिक उपयोग असेल तर तो हाच.

परंतु हें गलबत दोनशें वर्षें राहिलें कसें? पराक्रमामुळें म्हणावें तर तसें नाहीं. १८१९ सालीं तें पोर्टस्मथला पोंचलें आणि लगेच डोलकाठ्या उतरवून बाजूस ठेवलें गेलें. पहिली पंचवीस-सव्वीस वर्षें त्यानें झोपून काढलीं. पुढें १८४७ पासून १८५७ पर्यंत दोन फेऱ्यांत वेस्ट इंडीज, उत्तर अमेरिका व पॅसिफिक महासागर येथें तें फिरलें. क्रिमियाचें युद्ध त्याच काळांत झालें, पण मोठी लढाई त्याच्या वांट्याला आली नाहीं. मग नवशिक्या खलाशांची तरंगती शाळा म्हणून तें राहिलें, त्यांत कांहीं वर्षें हार्टलपूललाच. १८९७ सालीं तें मोडींत विकलें गेलें. त्याच वर्षीं व्हीटली कॉब नांवाच्या गृहस्थाचें ‘फूद्रोयां’ हें गलबत, जें एके काळीं नेल्सनचें होतें, ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळांत फुटलें. मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठीं त्याला दुसरें गलबत हवें होतें. त्यानें मोडीवाल्याकडून हें घेतलें आणि आपल्या बुडालेल्या गलबताचें नांव यास दिलें. त्या परक्या नांवानें मुंबईचें सागवान १९८६ पर्यंत मुलांच्या पायांखालीं राबत राहिलें. १९८७ सालीं एका तराफ्यावर चढवून तें हार्टलपूलला आणलें गेलें. १९९० पासून २००१ पर्यंत त्याची दुरुस्ती चालली, आणि मधें, १९९२ सालीं, त्याला मूळ नांव परत मिळालें. दुरुस्तीनंतरही अर्ध्याहून अधिक लांकूड मूळचेंच आहे. एवढ्या वयाच्या गलबताच्या बाबतींत हें प्रमाण फार मोठें मानतात, आणि त्याचें श्रेय सुतारांइतकेंच सागवानाला आहे.

आतां ‘विक्रांत’. त्याचा प्रथम वयांतील इतिहास आश्चर्य वाटावें इतका सारखा आहे. ‘हर्क्युलिस’ या नांवानें तें २२ सप्टेंबर १९४५ रोजीं टाइन नदींत सोडलें गेलें, आणि त्या वेळींही युद्ध नुकतेंच संपलेलें होतें. अर्धवट बांधलेलें जहाज तसेंच पडून राहिलें. १९५७ सालीं भारतानें तें घेतलें. बेलफास्टच्या कारखान्यांत काम पुरें झालें. ४ मार्च १९६१ रोजीं विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्तें तें आरमारांत दाखल झालें, आणि त्याच वर्षीं ३ नोव्हेंबरला मुंबईस आलें. लांबी ७०० फूट, वर माणसें हजारांहून अधिक. १९७१ च्या डिसेंबरांत चारांपैकीं एक बॉयलर निकामी असतां तें बंगालच्या उपसागरांत उभें राहिलें. त्याच्या पाठीवरून उडालेल्या ‘सी हॉक’ व ‘अलिझे’ विमानांनीं चितगांव व कॉक्स बाजार येथील बंदरें आणि विमानतळ यांवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजीं त्याची सेवा संपली. २००१ सालीं संग्रहालय म्हणून तें लोकांस खुलें झालें.

ज्या मुंबईकरांनीं तें पाहिलें त्यांना आठवत असेल तो त्याच्या पोटांतला विमानांचा दालनवजा मजला. तेथें जुनीं विमानें व हेलिकॉप्टरें मांडलेलीं होतीं, आणि विमानें वर नेणारा प्रचंड पाळणा पाहतां येत असे. वरच्या मोकळ्या डेकवर आलें म्हणजे एका बाजूस शहर व दुसऱ्या बाजूस समुद्र. पुढील टोंकाकडे डेक चढत गेलेला; थोड्या अंतरांत ‘सी हॅरियर’ विमानांना उडतां यावें म्हणून पुढें केलेली ती योजना. मात्र प्रवेश नेहमीं नसे, ठराविक काळापुरताच असे. संग्रहालयाला आपली अशी कायमची जागा मिळावी म्हणून गेट वे ऑफ इंडियाजवळील ऑयस्टर रॉक या खडकापाशीं जहाज बसविण्याच्या योजना झाल्या, त्या कागदावर राहिल्या. २०१२ सालीं प्रेक्षकांच्या सुरक्षिततेसाठीं प्रवेश बंद झाला.

येथें लांकूड व पोलाद यांतील फरक ध्यानांत घेतला पाहिजे. लांकडी गलबताचा मोठा शत्रु समुद्र नव्हे, पाऊस आहे. लांकूड कुजविणारी बुरशी गोड्या पाण्यावर पोसते. खाऱ्या पाण्यांत ती सहसा वाढत नाहीं. म्हणून वरचा मजला गळूं दिला नाहीं, आणि लांकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून तळ सांभाळला, तर लांकडी गलबत फार काळ राहतें. त्याला दुसरा एक दोष जडतो. तरंगत्या गलबताचें रुंद पोट पाणी नीट उचलून धरतें, निमुळत्या टोंकांना तेवढा आधार मिळत नाहीं. वर्षानुवर्षें टोंकें खालीं झुकतात आणि कण्याला कुबड येतें. पण हे सारे रोग सावकाश वाढतात, आणि सडलेली एक फळी काढून दुसरी बसवितां येते.

पोलादी जहाजाचें तसें नाहीं. पत्रा, हवा आणि खारें पाणी हीं तिन्हीं जेथें एकत्र येतात तेथें गंज कधींच थांबत नाहीं. पाण्याच्या रेषेजवळ, जेथें पत्रा घटकेंत भिजतो व घटकेंत सुकतो, तेथें तर तो दुप्पट जोरानें लागतो. तळाला जस्ताचे तुकडे बसवितात, कारण खारें पाणी लोखंडाच्या आधीं जस्ताला खातें. परंतु ते तुकडे संपले कीं बदलावे लागतात, आणि त्यासाठीं जहाज कोरड्या गोदींत न्यावें लागतें. ७०० फूट लांबीचें जहाज मावेल अशा गोद्या थोड्या. ज्या आहेत त्या चालत्या जहाजांना हव्या असतात. चालत्या जहाजावर शेंकडों हात रोज गंज खरवडतात आणि रंग देतात. निवृत्त जहाजावर ते हात नसतात. लढाऊ जहाज संग्रहालय झालें म्हणजे त्याचें काम संपतें, असा एक गोड समज आहे. खरें तर त्याचें काम तेवढेंच राहतें आणि काम करणारे तेवढे निघून जातात.

विशाखापट्टणमनें हा प्रश्न वेगळ्या रीतीनें सोडविला. ‘कुरसुरा’ ही पाणबुडी सेवेंतून काढल्यावर तेथील समुद्रकिनाऱ्यावर ओढून आणली गेली आणि काँक्रीटच्या पायावर बसविली गेली. २००२ सालापासून लोक तिच्या अरुंद पोटांतून एका टोंकानें शिरून दुसऱ्या टोंकानें बाहेर पडतात. खारा वारा तिलाही लागतो, पण डागडुजीसाठीं सुतारा-लोहाराला तळापर्यंत चालत जातां येतें. अर्थात् ९० मीटरांची पाणबुडी किनाऱ्यावर चढविणें आणि ‘विक्रांत’ चढविणें यांत अंतर आहे. त्याला जागा हवी होती, कायमचा पैसा हवा होता, आणि मुख्य म्हणजे हे दोन्ही पहिल्या दोन-चार वर्षांत ठरावयास हवे होते. प्रेमाची उणीव नव्हती. जहाज वांचावें म्हणून लोक न्यायालयांत गेले. परंतु तोंवर पत्रे पातळ झाले होते, आणि खर्च झेपणार नाहीं असें राज्य सरकारनें सांगितलें होतें. मुंबईच्या उच्च न्यायालयानें जानेवारी २०१४ मध्यें व सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्टमध्यें अर्ज फेटाळले. सुमारें ६० कोटी रुपयांस विकलें गेलेलें तें जहाज त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत दारूखान्याच्या किनाऱ्यावर कापावयास घेतलें.

त्याचें कांहीं पोलाद एका मोटारसायकलच्या टांकीसाठीं वापरलें गेलें. त्या दुचाकी २०१६ सालीं बाजारांत आल्या. ‘विक्रांत’ हें नांव कोचीन येथें बांधलेल्या नव्या विमानवाहू जहाजास मिळालें, आणि तें २ सप्टेंबर २०२२ रोजीं आरमारांत दाखल झालें. जुन्याच्या धातूचें एक स्मारक २५ जानेवारी २०१६ रोजीं मुंबईंत उभें राहिलें. तें आहे आरमारी गोदीच्या लायन गेटबाहेर, रस्त्याच्या मधोमध. आणि त्या दरवाजाच्या आंत ती जुनी गोदी आहे, जेथून ‘त्रिंकोमाली’ पाण्यांत गेलें.