कोंबडीच्या पोटातला फिल्टर

मेसमध्ये चिकन खाताना कलेजी सगळ्यांना ठाऊक असते, पण प्लीहेला कोणी विचारत नाही. जठराजवळची ही छोटीशी, लालसर-तपकिरी गोळी. मायक्रोस्कोपखाली दोन भाग दिसतात: रक्तपेशींनी भरलेला लाल गर आणि लिम्फोसाइट पेशींचा पांढरा गर. माणसापेक्षा कोंबडीत त्यांची सीमा बरीच पुसट. पण मला, एका इंजिनिअरिंगवाल्याला, भावलं ते एलिप्सॉइड, म्हणजे बारीक केशवाहिन्यांभोवतीचं पेशींचं वेष्टण. रक्तातले जंतू तिथेच अडकतात आणि भोवती बी-पेशी तयारच असतात! कोंबडीला आपल्यासारख्या लसीकाग्रंथी नसतात, म्हणून या फिल्टरवर तिची मोठी भिस्त. पोल्ट्रीत कोंबड्या मरू लागल्या की पोस्टमॉर्टेममध्ये डॉक्टर प्लीहा सुजली आहे का, हेही बघतात, ते उगाच नाही.