धर्मकराचा प्रश्न आणि अमेरिकेची राज्यघटना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत धर्मसंस्था व शासनसंस्था यांची फारकत झाली ती धर्माविषयीच्या अनास्थेतून, असा एक समज आढळतो. व्हर्जिनियाचा इतिहास पाहिला असता तो टिकत नाही.

इंग्रजी अमलात तेथे अँग्लिकन चर्चला राजमान्यता होती. धर्मोपदेशकांचे वेतन करातून, तेही बहुधा तंबाखूच्या रूपाने दिले जाई. हा कर अन्य पंथीयांनाही चुकत नसे. परवान्याविना प्रवचने केल्याच्या वा शांतताभंगाच्या आरोपावरून कित्येक बॅप्टिस्ट उपदेशकांना कारावास घडला. १७७६ च्या हक्कांच्या जाहीरनाम्यात प्रथम ‘सहिष्णुता’ हा शब्द योजिला होता. पंचवीस वर्षांच्या जेम्स मॅडिसन यांनी तो बदलविला. सहिष्णुता ही सत्ताधाऱ्याची मेहेरबानी ठरते. त्यांना हवा होता तो हक्क.

खरी कसोटी १७८४ मध्ये लागली. पॅट्रिक हेन्री यांनी सुचविले की, धर्मशिक्षणासाठी सर्वांनी कर द्यावा; मात्र तो कोणत्या ख्रिस्ती पंथास जावा, हे करदात्याने ठरवावे. योजना वरकरणी उदार होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांनाही तिच्या तत्त्वात फारसे वावगे वाटले नाही. मॅडिसन यांनी १७८५ च्या निवेदनात नेमके मर्मावर बोट ठेवले : जे शासन आज एका धर्मासाठी तीन पेन्स वसूल करू शकते, ते उद्या एकाच पंथाची सक्तीही करू शकेल. रकमेच्या लहानपणाने तत्त्व लहान होत नाही. बॅप्टिस्ट व प्रेस्बिटेरियन या श्रद्धाळू पंथीयांनी विरोधी अर्जांचा वर्षाव केला आणि विधेयक बारगळले. जानेवारी १७८६ मध्ये त्याऐवजी थॉमस जेफरसन यांचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा संमत झाला. जेफरसन स्वतः त्या वेळी पॅरिसला वकील होते.

संघराज्याच्या १७८७ च्या घटनेने सरकारी पदांसाठी धर्माची अट निषिद्ध ठरविली. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने काँग्रेसला धर्मस्थापनेविषयी कायदा करण्यास मनाई केली. हे बंधन केवळ केंद्रीय विधिमंडळावर होते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी करवसुली १८३३ पर्यंत चालू राहिली!

घटक राज्यांनाही हे कलम लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४७ मध्ये दिला. न्यू जर्सीतील तो खटला धार्मिक शाळांत जाणाऱ्या मुलांच्या बसभाड्याचा होता. न्यायालयाने तत्त्व उचलून धरले, तरी पालकांना बसभाड्याची भरपाई सरकारी पैशातून देणे वैधच ठरविले, तेही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने.