परसातला शरीफा

उर्दूच्या तासाला जो शरीफा, तोच मराठीच्या तासाला सीताफळ. नांदूरघाटच्या घराघरांत दोन्ही नावे चालतात. बालाघाटच्या डोंगरात हे झाड आपले आपण वाढते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मूळचे हे झाड अमेरिका खंडातले. पण आपल्या मुरमाड जमिनीत ते असे रुजले की परके वाटतच नाही. परसात एक तरी शरीफा असावा, असे आम्ही मुलांना आणि त्यांच्या अम्मींना नेहमी सांगतो.

रोप घरीच तयार होते. मोठ्या, गोड फळाच्या बिया धुऊन सावलीत वाळवून ठेवाव्यात. थंडी सरली की फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या एक दिवस पाण्यात भिजवाव्यात. खाली भोके पाडलेल्या पिशवीत माती, शेणखत आणि थोडी वाळू भरून बोटाच्या पेराएवढ्या खोल लावाव्यात. बीचे कवच टणक असते, त्यामुळे उगवायला महिना, कधी त्याहून जास्त लागतो. मुलांना उकरून बघू देऊ नये.

पाऊस स्थिरावला की दीड-दोन फूट खड्डा घेऊन रोप लावावे. पाणी साचते ती जागा टाळावी, मुळे कुजतात. शेळ्या सहसा या पानांना तोंड लावत नाहीत, ही मोठीच सोय. पाण्याची ओढ असलेल्या घरात वजूचे पाणी रोपाकडे वळवावे. त्यात साबण नसतो.

खरी कसोटी दिवाळीनंतर लागते. आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. आमच्या वर्गातली काही मुलेही जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तोवर शरीफ्याची पाने गळालेली असतात. परसात नुसती काडी उभी दिसते आणि ‘मेले’ म्हणून ती उपटून टाकली जाते. असे करू नका. पानगळ हा या झाडाचा स्वभावच आहे. खोडाची साल नखाने जरा खरवडून पाहा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. मोठे झाड कोरड सोसते, पण पहिले दोन उन्हाळे रोपाला हात द्यावा लागतो. बुडाशी पालापाचोळा पसरून ठेवावा आणि गावात राहणाऱ्या शेजारच्या खालाला आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी घालायला सांगून जावे. जे घर मागे राहते, त्याने हे विचारण्याची वाट पाहू नये.

एक इशारा. बियांची पूड उवांसाठी मुलींच्या केसांना लावण्याची रीत अजून आहे. ही पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. ती मुळीच लावू नये.

बियांपासूनच्या झाडाला तीन-चार वर्षांत फळ धरते. ते आईच्या झाडासारखेच निघेल असे नाही. तसेच हवे असेल तर त्याच रोपावर चांगल्या झाडाचे कलम बांधता येते. अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्र आहे. जातींची माहिती तिथे विचारावी. फळाच्या डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळसर झाल्या की ते उतरवावे. पहिल्या फळांतले एक, पाणी घालणाऱ्या खालाच्या घरी आधी पोचवावे.